सुनिमने खाली ओढलेली रेघ

सुनिमच्या दुकानात कुणाचा डोळा लागला की त्याच्या नाकाखाली एक बोट येतं. बोट सुनिमचंच. श्वास लागतो का ते बघते, लागला की हळूच मागे घेते आणि पाय न वाजवता गल्ल्यामागच्या खुर्चीत जाऊन बसते. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिची पीसी बांग आहे. तासावर कॉम्प्युटर घ्यायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि खेळत बसायचं, असं ते दुकान. आमच्या तोंगयोंग गावाचं बंदर समोरच असल्यामुळे बोटीवरून उतरलेले खलाशीही तिथंच चढतात. ते खेळतात थोडं, झोपतात जास्त, कारण खुर्च्या मऊ आहेत. नवा खलाशी त्या बोटाने दचकून उठतो आणि शिव्या देतो. जुने उठत नाहीत. इंजिनवाला जेगाल तर डोळेही न उघडता म्हणतो, "जिवंत आहे, इमो. जा आता."

इमो म्हणजे मावशी. दुकानवाल्या बाईला आमच्याकडे सगळं गाव इमो म्हणतं, मलाही म्हणतं. माझं खाली किंबापचं दुकान आहे. आत काही न भरलेल्या भाताच्या बोटभर गुंडाळ्या, बाजूला तिखट माकुल मासळी आणि मुळ्याची आंबवलेली किमची. बोटीवर नासत नाही म्हणून खलाशी बांधून नेतात. सुनिम माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला उन्नी म्हणते, म्हणजे ताई. सख्ख्या बहिणीशी माझं कधी पटलं नाही, पण हिच्याशी पटलं. तिच्यावर ओरडण्याचा हक्क मी केव्हाच घेऊन टाकला आहे.

तिच्या भीतीबद्दल सांगते. बंद खोलीत पंखा चालू ठेवून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, हे आम्ही आईच्या मांडीवरच शिकतो. कुणी म्हणतं वारा तोंडासमोरची हवा ओढून नेतो, कुणी म्हणतं अंग गार पडत पडत जातं. नेमकं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही, पण घाबरायला कारण कळावं लागतं असं थोडंच आहे! मी स्वतः उन्हाळ्यात पंख्याला टायमर लावते आणि खिडकी बोटभर उघडी ठेवते. शेजारची शिकलेली मास्तरीणही ठेवते. पण आमची भीती म्हणजे दार लावताना कडी एकदा ओढून बघावी तेवढीच. सुनिमची तशी नाही. सुनिमच्या घरात ते घडलेलं आहे.

तिचा नवरा ब्योंगचिल समुद्रात कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, शेतीवर कामाला होता. दणकट माणूस, हसला की समोरच्या धक्क्यावर ऐकू जायचं. त्या वर्षी वादळ येणार म्हणून कालवांचे दोर बांधण्यात त्याचे दोन दिवस गेले आणि तो भर दुपारी घरी येऊन आडवा झाला. डास फार होते, म्हणून सुनिमने खिडकी लावली. उकडू नये म्हणून पायाशी पंखा लावला. तान्हा पोरगा रडून त्याची झोप मोडेल म्हणून दारही ओढून घेतलं आणि पोराला पाठीशी बांधून बाजारात गेली. परत आली तेव्हा पंखा फिरत होता. ब्योंगचिल गार पडला होता.

पोलीस आला. त्याने खिडकी बघितली, पंखा बघितला आणि मान हलवली. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. मयताच्या घरी सासू तिच्यासमोर येऊन बसली आणि चार माणसांत म्हणाली, "माझ्या पोराला कोंडून मारलंस." सुनिमने खाली बघितलं. तिलाही तसंच वाटत होतं. मला विचाराल तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं, फक्त सासूइतकी जीभ आम्हाला नव्हती.

त्यानंतर तिच्या घरात विजेचा पंखा आला नाही. पोरगा, हेसोल, झोपला की ती हातपंख्याने वारा घालत बसायची आणि तिचा स्वतःचा डोळा लागला तर दचकून त्याच्या नाकाखाली बोट धरायची. ते बोट तिथलं.

आता अशा बाईने पंख्यांनी भरलेलं दुकान का चालवावं? त्याचं असं झालं की दुकान तिच्या भावाचं. तो उल्सानला कारखान्यात लागला आणि किल्ल्या हिच्या हातात देऊन गेला. तिला वाटलं, टीव्हीसारखी यंत्रं असतील, बसून बघायचं. पहिल्याच दिवशी एक यंत्र बिघडलं, दुरुस्तीवाल्याने त्याचं झाकण काढलं, आणि आत पंखे फिरताना दिसले. एक नाही, चार. सुनिम चाळीस यंत्रांकडे बघत उभी राहिली आणि मग धावत खाली माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"उन्नी, सगळ्यांच्या पोटात पंखे आहेत!"

"मग? तुझ्या पोटात आहेत का?"

"आणि ती माणसं तिथंच झोपतात गं!"

डिसेंबर होता, तरी तिने सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. गिऱ्हाइकं कोट घालून, टोप्या घालून खेळायची. माझं गरम सूप मात्र तेव्हा फार खपलं.

हेसोल शाळेत मोठा होत गेला तसा त्याने आईला समजावून बघितलं. पंखे नसले तर यंत्र स्वतःच्याच उष्णतेने जळतं, हे तिला पटलं. पंख्यांनी माणूस मरत नाही, हे काही पटलं नाही. शेवटी त्याने गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये एक सोय करून दिली. दुकानातलं प्रत्येक यंत्र किती तापलंय आणि त्याचे पंखे मिनिटाला किती फेरे घेताहेत, ते आकडे तिथं बसल्या बसल्या दिसायचे. शेजारी एक रेघ. यंत्र थंड असेल तिथं रेघ खाली, तापत जाईल तशी वर चढलेली. त्या रेघेवरचा ठिपका माऊसने धरून खाली ओढला की पंखे मंदावायचे, वर नेला की धावायचे.

त्याला वाटलं होतं आकडे दिसले की आईची भीती जाईल. पण त्याने तिच्या हातात लगामच दिला. कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव लिहायला अडखळणारी बाई महिन्याभरात त्या रेघेत इतकी तरबेज झाली की कुणी पेंगायला लागलं की त्याचं डोकं खुर्चीला टेकायच्या आत तिने त्याच्या यंत्राचे पंखे उतरवलेले असायचे. मग ती आकड्यांवर डोळा ठेवून बसायची. फेरे वाढले तर माणसाची भीती, उष्णता वाढली तर यंत्राची भीती. दोन चुलींवरची दोन दुधं सांभाळावीत तशी ती त्या पडद्यापुढे बसलेली असायची. शेजारच्या खुर्चीवर कुणी जागा असला आणि त्याचंही यंत्र चुकून मंदावलं की तो ओरडायचा, "इमो, माझा पंखा मेला!"

"तू जिवंत आहेस ना? मग खेळ."

आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त. आता आठवलं की हसू येत नाही, कारण ती गंमत करत नसायची.

हेसोल लष्करातली सक्तीची नोकरी करून परत आला आणि आईच्याच दुकानात राहिला. रात्री गल्ला तो सांभाळायचा. शिवाय बुसानच्या एका कंपनीसाठी तो जहाजांची हलती चित्रं करायचा, लाटांवर जहाज कसं डोलेल वगैरे. त्यासाठी त्याने मागच्या खोलीत एक यंत्र उभं केलं. ते तासन्‌तास आपलं आपण हिशेब करत बसायचं आणि भयंकर तापायचं. त्याला बाहेरूनही पंखे लावले होते, चांगले थाळीएवढे. चालू झालं की जिन्यात उभं राहिलं तरी घोंघाट ऐकू यायचा. खोलीला खिडकी नव्हती. आणि हेसोल दिवसा त्या यंत्राशेजारीच चटई टाकून, दार लावून झोपायचा.

सुनिमची काय अवस्था झाली असेल, बघा. तिला जे स्वप्नात दिसायचं ते पोराने नेमकं जागेपणी मांडून ठेवलं होतं.

"घरी जाऊन झोप," ती म्हणायची.

"घरी पंखा नाही, भट्टी आहे. आणि यंत्राकडे कोण बघेल?"

"मग दार उघडं ठेव."

"ओम्मा, या आवाजात बाहेरची गिऱ्हाइकं पळतील."

"पळू देत! एकेकाला मी जिन्यापर्यंत सोडून येते!"

त्या दोघांची लढाई मग त्या रेघेवर सुरू झाली. तो झोपला की ही गल्ल्यावरून रेघ खाली ओढायची. यंत्र तापून आपोआप बंद पडायचं, त्याचं दिवसभराचं काम बुडायचं. तो उठून रेघ वर न्यायचा आणि चिडून दोन दिवस बोलायचा नाही. शेवटी मी मध्ये पडले. ठरलं असं की तो झोपला की सुनिमने आधी यंत्राचं काम थांबवायचं, मग पंखे उतरवायचे, आणि तो उठला की सगळं पूर्ववत. कामाला दुप्पट वेळ लागायचा, पण पोरगा आईसाठी कबूल झाला. चांगला पोरगा आहे तो. बापासारखाच हसतो.

मागच्या जुलैच्या शेवटी मी दुपारची गर्दी ओसरल्यावर नेहमीसारखी ताट घेऊन वर गेले. दुकानात पाच-सहा माणसं होती. जेगाल त्याच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून झोपला होता. सुनिम पडद्यापुढे बसली होती, हात माऊसवर. मागच्या दारामागून तो घोंघाट येत होता.

"आज चालूच ठेवलंय का?" मी विचारलं.

"उद्या द्यायचंय म्हणे. रेघेला हात लावायचा नाही, असं बजावून झोपलाय." मग माझी बाही धरून म्हणाली, "उन्नी, ऐक ना, केवढा वारा आहे आत."

"वारा नाही, आवाज आहे. जेव आधी."

"तासभर झाला. दोनदा जाऊन बघून आले. घाम आलाय त्याला. पंख्याच्या वाऱ्यात घाम येतो का?"

"जुलैत सगळ्यांना येतो. मला बघ."

ती जेवली नाही. मी माकुलाचा एक तुकडा तिच्या तोंडापुढे धरला, तो तिने हाताने बाजूला केला. मग तिने ठिपका धरला आणि रेघ पार तळाला नेली.

दारामागचा घोंघाट उतरत उतरत थांबला. दुकानात एकदम इतकी शांतता झाली की एक-दोघांनी हेडफोन काढून मागे बघितलं. पडद्यावर चारही पंख्यांपुढे शून्य आलं, आणि शेजारचा उष्णतेचा आकडा चढायला लागला. काम तिने थांबवलं नव्हतं. थांबवायचं बटण त्याने त्या दिवशी कुलूपबंद करून ठेवलं होतं.

"अगं जळेल ते," मी म्हणाले.

"जळू दे."

"त्याची मेहनत आहे त्यात!"

"मेहनत पुन्हा करता येते."

सत्तर झाले, अठ्ठ्याहत्तर झाले. खरं सांगते, मला राग आला होता तिचा. पोराला सुखाने काम करू देत नाही, झोपू देत नाही, हे काय वेड आहे, असं मी आता तोंडावर सांगणारच होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात दारामागून एक आवाज आला.

घोरण्यासारखाच होता. पण मध्येच अडकला. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा एक, घशातून ओढून आणल्यासारखा. मला वाटलं, घोरतोय. पंखे चालू असते तर तो आवाज आमच्या कानावरच पडला नसता. सुनिम मात्र उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचललीही नाही.

दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी धग आली. हेसोल उताणा पडला होता. ओठ निळे, चेहरा राखेसारखा, आणि डोळे अर्धे उघडे. सुनिमने या वेळी नाकाखाली बोट धरलं नाही. तिने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला दाराकडे ओढायला लागली. तिच्या दुप्पट वजनाचा पोरगा.

"उन्नी! पंखा बंद कर! पंखा बंद कर!"

मी पडद्याकडे बघितलं. शून्य, शून्य, शून्य, शून्य. रेघ तळाला आडवी पडलेली.

"बंद आहे, सुनिम!"

"बंद कर म्हणते ना!"

"अगं बंदच आहे!"

तेव्हा तिने मान वर करून त्या यंत्राकडे बघितलं. थाळीएवढी पाती स्थिर उभी होती. ती तशीच बघत राहिली. आयुष्यभर ज्याला भ्याली ते तिथं नव्हतंच, आणि पोरगा तर हातातून जात होता. आता कशाला भ्यायचं, कशाला बंद करायचं, हेच तिला कळेना. असा चेहरा मी कुणाचा पाहिला नाही आणि पुन्हा पाहायला लागू नये.

मी जेगालच्या कानाशी जाऊन किंचाळले. तो उठला, एकदा आत बघितलं आणि सुनिमला उचलून बाजूला ठेवलं. ही माणसं लष्करात हे शिकतात. त्याने हेसोलच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबायला लागला, मोठ्याने मोजत, इंजिनवर ओरडतात तशा आवाजात. मी फोन केला. पत्ता सांगताना मला आमच्या इमारतीचं नाव आठवेना, सोळा वर्षं तिथं भात शिजवते आहे मी. मागे ते यंत्र खटकन बंद पडलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. कुणी वळूनही बघितलं नाही. जेगालच्या हाताखाली काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. बरगडी होती. सुनिम भिंतीला पाठ लावून बसली होती आणि म्हणत होती, "मी उशिरा बंद केला. मी उशिरा बंद केला."

रुग्णवाहिकेतली माणसं आली. त्यांनी छातीवर पट्ट्या चिकटवल्या आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. हेसोलचं अंग उडालं. काही नाही. पुन्हा उडालं. मग त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आली." नाडी आली होती. मी तिथं फरशीवर बसले ते मला कुणीतरी उठवेपर्यंत.

त्याला जिन्जूच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. म्योंग त्यांचं नाव, वयाने हेसोलपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी तोंड उघडायच्या आत सुनिम सांगायला लागली.

"डॉक्टर, पंखा बंद होता. देवाशपथ. मी आधीच बंद केला होता. पण त्याआधी तासभर चालला, तेवढ्यानेच झालं का? मी लवकर केला असता तर?"

"कुठला पंखा?"

सुनिमने सगळं सांगितलं. खोली, यंत्र, रेघ. मग नवऱ्याचंही सांगितलं, खिडकी, दार, पायाशी लावलेला पंखा. मला वाटलं बाई हसतील. हसल्या असत्या तर मी त्यांना सोडलं नसतं, डॉक्टर असोत की कुणी. पण त्या हसल्या नाहीत. "माझी आई अजून टायमर लावते," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या हृदयात जन्मापासून दोष आहे. ठोक्यांची लय झोपेत एकाएकी बिघडते. फार करून पुरुषांना होतं, धडधाकट पुरुषांना. आणि हे रक्तातून येतं. म्हणून विचारते, वडिलांच्या बाजूला आणखी कुणी झोपेत गेलंय का?"

"नाही," सुनिम म्हणाली. "फक्त ह्याचे वडील. ते पंख्याने गेले."

"आठवून बघा. काका, आजोबा?"

सुनिम आठवत राहिली. "ह्यांचे एक काका होते. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. बोटीवर झोपले ते उठलेच नाहीत. दारू जास्त झाली, असं म्हणायचे."

"कधीची? उन्हाळ्यातली?"

"नाही हो. जानेवारीतली. कॉड मासळीच्या दिवसांत..."

ती बोलता बोलता थांबली. मी तिच्या शेजारीच बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता. तो हात गार पडत गेला.

"जानेवारीत," ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू. "समुद्रावर. तिथं कुठला पंखा?"

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला, आणि लिहिलं मात्र काहीच नाही.

"मग मी नव्हतं मारलं त्यांना," सुनिम मला म्हणाली.

"नव्हतं मारलंस."

"मी खिडकी लावली ती डासांसाठी."

"हो गं."

ती रडली नाही. मीच रडले, चांगली मोठ्याने रडले, त्या बाईंच्या खोलीत. मला त्या पोलिसाचा राग आला, सासूचा आला, आमच्या सगळ्या गल्लीचा आला आणि माझाही आला. आम्ही सगळ्यांनी तो पंखा बघितला होता, माणसाकडे कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हा एकाने तरी आणखी एक प्रश्न विचारला असता तर ही बाई तेवीस वर्षं स्वतःला खुनी समजत जगली नसती, आणि पोराची छाती लहानपणीच तपासली गेली असती.

आठवडाभराने हेसोलच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक लहानसं यंत्र बसवलं. हृदयाचे ठोके ते सतत मोजत राहतं, आणि लय बिघडली की आतूनच धक्का देतं. पोरगा शुद्धीवर होता, बोलत होता, बरगडी दुखते म्हणून जेगालला शिव्या घालत होता. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा सुनिमने त्यांना दाराशी गाठलं.

"ते आकडे मला बघता येतील का? ठोक्यांचे? मी गल्ल्यावर दिवसभर बसलेलीच असते. मला सवय आहे."

"घरी एक डबी देऊ. ती त्याच्या उशाशी ठेवायची. आकडे ती आमच्याकडे पाठवेल."

"तुमच्याकडे. मग माझ्याकडे काय?"

"तुमच्याकडे काही नाही."

"पण फार वाढले, नाहीतर फार कमी झाले, तर मी कुठं हात लावायचा? काय खाली करायचं?"

"तुम्ही काहीच करायचं नाही. ते यंत्र करेल."

"मग तो झोपल्यावर मी काय करू?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीही झोपा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुपारी उकाडा वाढला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने घरी जाताना आपला छोटा टेबलपंखा आमच्याकडे सरकवून दिला. हेसोल पेंगुळला होता. "ओम्मा, लाव ना," तो म्हणाला, आणि मग ती कोण आहे ते त्याला आठवलं. "राहू दे. नको लावूस."

सुनिमने पंखा उचलून त्याच्या पायाशी ठेवला आणि बटण दाबलं. एकवर, मग दोनवर, मग तीनवर. चादरीची कड उडायला लागली. तिने उठून खिडकीही लावून घेतली, कारण रस्त्यावर गाड्यांचा आवाज फार होता. हेसोल झोपला. ती पंख्याकडे बघतही नव्हती. तिचे डोळे त्याच्या गळ्याच्या हाडाखालच्या पट्टीवर होते आणि हात त्याच्या छातीवर, वजन पडू नये असा अलगद टेकवलेला.

मला तिला हसवायचं होतं. "बघ, पंखा लागला आणि आभाळ कोसळलं नाही," मी म्हणाले. "आता तरी सुटलीस ना?"

तिने हात हलवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"पंख्यानेच झालं असतं तर बरं होतं, उन्नी," ती म्हणाली. "तो मला बंद करता आला असता."